अल्सरचं पथ्य नंतर, आधी तो निगेटिव्ह रिपोर्ट परत बघा

नमस्कार. तुम्ही लिहिलंय की दुर्बिणीत जठरात छोटा अल्सर दिसला, एच पायलोरीची (अल्सर करणाऱ्या जठरातल्या जंतूची) टेस्ट निगेटिव्ह आली, पॅन्टोप्रॅझोल ही ॲसिड कमी करणारी गोळी कित्येक महिने चालू आहे, बंद केली की परत पोटात आग, आणि आता गोळ्यांचा कंटाळा आलाय म्हणून कोबीचा रस, ज्येष्ठमध, थंड दूध यातलं काय घेऊ. वाचलं आणि राहवेना, कारण अगदी हेच, याच क्रमाने, माझं झालंय. मी डॉक्टर नाही, सिंहगड रोडला राहते, बँकेत नोकरी करते, त्यामुळे हे सगळं एका पेशंटचं सांगणं म्हणून वाचा आणि तुमच्या डॉक्टरांना विचारूनच काय ते करा.

तिखट, तेलकट, जागरण, तंबाखू, मिश्री हे तुम्हाला माहीत असणारच, त्यात जात नाही. मला एकच विचारायचंय. ती टेस्ट दिली तेव्हा पॅन्टो चालू होती का?

कारण पॅन्टो, ओमेप्राझोल, राबेप्राझोल यातली कुठलीही गोळी चालू असली की हा जंतू मरत नाही पण दबतो, आणि मग शीची टेस्ट असो, श्वासाची असो नाहीतर दुर्बिणीतून तुकडा काढून केलेली असो, खोटी निगेटिव्ह येऊ शकते. म्हणून टेस्टच्या आधी या गोळ्या किमान 2 आठवडे बंद असाव्या लागतात, अँटिबायोटिक घेतलं असेल तर 4 आठवडे. रक्ताच्या टेस्टला गोळीचा अडथळा नाही, पण ती इन्फेक्शन जुनं का आत्ताचं हे सांगत नाही, त्यामुळे तिच्यावर पैसे घालवू नका असं माझं मत.

मला हे कोणी म्हणजे कोणी सांगितलं नाही. सेंटरचं नाव लिहीत नाही. काउंटरवर एक चिठ्ठी मिळाली, डबी कशी भरायची, किती वाजेपर्यंत आणून द्यायची, पैसे आधी भरायचे, सगळं त्यावर होतं. गोळ्या कुठल्या चालू आहेत हा प्रश्न ना चिठ्ठीवर होता ना कोणाच्या तोंडी. रिपोर्ट निगेटिव्ह. तो घेऊन ज्या डॉक्टरांकडे गेले त्यांनी दोन मिनिटात निकाल लावला की जंतू नाहीये, टेन्शन कमी करा, तिखट सोडा. पुढचं जवळजवळ वर्ष मी तेच करत बसले. घरात माझी वेगळी भाजी, लग्नकार्यात नुसता वरणभात, वजन उतरलं, हिमोग्लोबिन उतरलं, रात्री पोटात कळ आली की उठून बसायचं, आणि जो तो म्हणणार तू फार मनाला लावून घेतेस. मला सगळ्यात जास्त राग याचा आहे. दुखणं खरं होतं, आतला व्रण खरा होता, पण एकदा कागदावर निगेटिव्ह छापून आलं की परत बघायलाच कोणी तयार नाही.

शेवटी नणंदेने हट्टाने दुसऱ्या पोटाच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांचा पहिलाच प्रश्न, टेस्ट गोळी चालू असताना केली का. मग मी सेंटरला जाऊन विचारलं की तुम्ही हे आधी विचारलं का नाही, तर म्हणे आमचं काम सॅम्पल घ्यायचं, गोळ्यांचं डॉक्टर सांगतात. आधीच्या डॉक्टरांचं म्हणणं की ते लॅबने सांगायला पाहिजे. आणि रिपोर्ट उलटून बघितला तर मागच्या बाजूला बारीक राखाडी अक्षरात इंग्रजीत तेच छापलेलं, की अशी औषधं चालू असतील तर निकाल चुकू शकतो. टेस्ट होऊन गेल्यावर ते वाचून पेशंटला काय उपयोग? ईमेलने तक्रार केली, उत्तर नाही. तुम्ही आजच तुमचा रिपोर्ट काढून तारीख बघा.

आता पथ्याचं. पथ्याचा खरा उपयोग मला कधी झाला तर परत टेस्ट करण्यासाठी गोळी बंद केली त्या दोन आठवड्यात. (हे मनाने करायचं नाही हं. ज्यांना अल्सरमधून रक्तस्राव झालाय त्यांनी तर अजिबात नाही.) आग झाली तर जेल्युसिलसारखं पातळ औषध चालेल असं मला सांगितलं होतं, बाकी सगळी भिस्त खाण्यावर. सकाळचा पहिला चहा बंद, त्याऐवजी राजगिऱ्याच्या लाह्या कोमट दुधात. पोट रिकामं ठेवायचं नाही, दर अडीच-तीन तासांनी थोडं थोडं. जुन्या तांदळाचा भात, पाणी जास्त घालून आसट, डाव लावला की मोडेल इतका मऊ, त्यावर मुगाचं वरण, हिंग-जिऱ्याची फोडणी, चमचाभर तूप. पडवळ, दोडका, लाल भोपळा. ज्वारीची भाकरी गरम असतानाच दुधात कुस्करून. ताक त्याच दिवशीचं, आंबट नाही. चिंच, टोमॅटो मला सोसत नव्हतं, तुम्हाला सोसेलही, ज्याचं त्याने बघावं. रात्रीचं जेवण आठच्या आत. या सगळ्याने त्रास निम्म्यावर आला हे मी शपथेवर सांगेन, पण व्रण त्याने भरला नसता, कारण जंतू आत तसाच होता. टेस्ट पॉझिटिव्ह आली.

मग 14 दिवसांचा कोर्स, दोन अँटिबायोटिक आणि ॲसिडची गोळी. तोंड कडूजहर होतं, मळमळतं, पण अर्धवट सोडू नका, उरलेले जंतू पुढच्या औषधाला दाद देत नाहीत. दही-ताक चालू ठेवलं की पोट जरा कमी बिघडतं. काहींना बिस्मथवालं औषध देतात, त्याने शी काळी होते, घाबरू नका. कोर्स संपल्यावर किमान 4 आठवड्यांनी परत टेस्ट, परत 2 आठवडे गोळी बंद ठेवूनच. ही टेस्ट लोक टाळतात, बरं वाटतंय म्हणून. तुमचा अल्सर जठरात आहे, तर डॉक्टर दुर्बीणही परत करायला सांगतील, तीही टाळू नका, जठरातला व्रण पूर्ण भरलाय का आणि तो साधाच होता ना, कॅन्सरचा नाही ना, हे बघायचं असतं.

आपल्याकडे निम्म्याहून जास्त मोठ्या माणसांच्या पोटात हा जंतू असतो असं म्हणतात आणि सगळ्यांना अल्सर होत नाही, त्यामुळे तुमच्यात तो असेलच असं मी म्हणत नाही. पण टेन्शन आणि मिसळ यांच्यावर खापर फोडणं बंद व्हायला पाहिजे. ऑस्ट्रेलियातले डॉक्टर बॅरी मार्शल सांगत होते की अल्सर या जंतूने होतो, पण कोणी ऐकेना म्हणून त्यांनी 1984 साली स्वतः हे जंतू पिऊन जठराला सूज आणून दाखवली, 2005 साली त्यांना आणि त्यांचे सहकारी रॉबिन वॉरन यांना नोबेल मिळालं. तरी अजून आपल्याला टेन्शन घेऊ नका हेच ऐकवतात.

कोबीच्या रसाचं मूळ 1949 सालचं आहे. अमेरिकेत गार्नेट चेनी नावाच्या डॉक्टरांनी 13 पेशंटना रोज जवळजवळ लिटरभर रस दिला आणि व्रण लवकर भरले असं लिहिलं. पण तुलनेला रस न दिलेले पेशंट नव्हते. मी घेऊन बघितला, गॅसने पोट फुगलं, सोडला. थंड दुधाने तेवढ्यापुरतं शांत वाटतं पण नंतर ॲसिड वाढतं, रात्री तर नकोच. ज्येष्ठमधाने घशाला, पोटाला आराम पडतो हे खरं, पण रोज चमचा चमचा घेतलं तर बीपी वाढतं आणि पोटॅशियम उतरतं. तुम्ही बीपीची गोळी घेता असं लिहिलंय, म्हणून तुमच्यासाठी माझं उत्तर सरळ नाही असं आहे. सूतशेखर वगैरे दुकानातून आणून मनाने घेऊ नका, त्यात पारा असतो, वैद्यांकडे जाऊन नाडी दाखवून घ्या. मला आयुर्वेदाचं वावडं नाही, आमच्याकडे शतावरी कल्प घरात असतोच.

आणि सकाळी टेकडीवर फिरून आल्यावर पायथ्याशी जे ज्यूस मिळतात त्यातला दुधीचा रस. चव जराही कडू लागली तर थुंकून टाका. कडू दुधीच्या रसाने रक्ताच्या उलट्या होतात, आपल्या देशात माणसं दगावलीत, आयसीएमआरने (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने) त्यावर समिती नेमून सूचना काढली होती. अल्सर असलेल्याने तर घरी चाखून बघितलेल्या दुधीची भाजीच खावी.

तुमच्या पोस्टमध्ये एक गोष्ट कुठेच नाही, पेनकिलर. गुडघा, कंबर, डोकं, पाळी, कशासाठीही कॉम्बिफ्लाम, व्होवेरान, ॲस्पिरिन घेता का? जंतूच्या खालोखाल अल्सर यांनीच होतात, जठराचं आतलं अस्तर जपणारी द्रव्यंच ही औषधं कमी करतात. हार्टसाठी ॲस्पिरिन असेल तर मनाने बंद करू नका, डॉक्टरांशी बोला. सांधेदुखीच्या बिननावाच्या पुड्यांमध्येही कधीकधी हेच मिसळलेलं असतं, तेही तपासा.

शी डांबरासारखी काळी आणि चिकट झाली, किंवा उलटीत कॉफीच्या चोथ्यासारखं काही दिसलं तर रस, चूर्ण सगळं बाजूला ठेवून सरळ इमर्जन्सीला जा, रात्र असली तरी.

टेस्ट कुठली होती, शीची का दुर्बिणीतली, आणि तेव्हा गोळी चालू होती का एवढं लिहा. आणि पॅन्टो घेताय तोवर नाश्त्याच्या आधी अर्धा तास घ्या, जेवणानंतर घेत असाल तर तिचा पूर्ण उपयोग होत नसेल.