साखर घेणाऱ्या कंपनीला पुरवठादाराचं 'आमच्याकडे वेठबिगार नाही' हे हमीपत्र पुरेसं आहे का?

नाही. ऊसतोडणी कामगार साखर कारखान्याच्या हजेरीपटावर बहुधा नसतातच. कारखान्याचा करार वाहतूकदाराशी किंवा मुकादमाशी, म्हणजे मजूर पुरवणाऱ्या ठेकेदाराशी. मुकादम बीडकडच्या जोडप्याला हंगामाआधी उचल (आगाऊ रक्कम) देतो. नवरा-बायको मिळून एक 'कोयता'. एक दिवस खाडा झाला की दंड. पट्टा पडेपर्यंत, म्हणजे हंगाम संपेपर्यंत, उचल फिटली नाही तर बाकी पुढच्या हंगामावर, आणि मधेच घरी जायचं म्हटलं तर मुकादम सोडत नाही. अशी अडकवणारी उचल 1976 च्या वेठबिगार निर्मूलन कायद्याने रद्दच ठरते, पण हमीपत्रात ती दिसणार कुठून?

त्यामुळे माणूस पाठवा, तोही डिसेंबर-जानेवारीत. (जूनमधल्या ऑडिटला फडात कुत्रंही नसतं.) कोप्यांवर (मजुरांच्या झोपड्यांवर) जा, मुकादमाला बाजूला ठेवून बायकांशी वेगळं बोला आणि त्याची वही मागा: उचल किती, कापले किती, खाड्याचे किती. वही दाखवायला टाळाटाळ झाली तर तिथेच उत्तर मिळालं समजा.

करारात दोन गोष्टी घाला: मजुरी बाईच्या वाट्यासह थेट बँक खात्यात, आणि मुकादमाचं कमिशन कारखान्याच्या खिशातून. यासाठी साखरेला थोडा जास्त भाव द्यावा लागेल. तो द्यायची तयारी नसेल तर बाकीचं सगळं कागदोपत्रीच राहतं.