सडपातळ घरात तीन पिढ्या साखर: जनुकांची तपासणी करावी का?

तुम्ही लिहिलंय की वय २२, अंगानं सडपातळ, वडिलांना आणि आजीलाही ऐन तारुण्यात साखर लागली, आणि टाइप १ (शरीरात इन्सुलिन बनणंच थांबत जातं तो मधुमेह) धरून तुम्हाला इन्सुलिन चालू केलंय. आमच्या घरी अगदी हेच झालं, म्हणून लिहिते.

आमचं गाव दापोलीजवळ. भावाला १९व्या वर्षी साखर निघाली. ‘आंबे फार खातो’ असं वाडीनं ठरवून टाकलं, आजीनं देवळात गाऱ्हाणं घातलं. तीन वर्षं तो इन्सुलिन टोचत होता. २०२०च्या जूनमध्ये निसर्ग वादळात वीज गेली ती कितीतरी दिवस आलीच नाही. आई इन्सुलिनची कुपी डबीत घालून माठाच्या गारव्याला ठेवायची, वर ओलं फडकं, आणि रात्री उठून हात लावून बघायची.

पुढे मुंबईच्या डॉक्टरांनी आधी वंशावळ मागितली. कॅलेंडरच्या पाठकोऱ्या पानावर आम्ही ती काढली: आजी, बाबा, धाकटी आत्या, भाऊ. सगळे काटक, सगळ्यांना तिशीच्या आत साखर. मग रक्त तपासलं. जीएडी वगैरे अँटीबॉडी निगेटिव्ह, म्हणजे शरीर स्वतःच्याच स्वादुपिंडावर उठलेलं नव्हतं. सी-पेप्टाइड चांगलं, म्हणजे आतून इन्सुलिन बनत होतं. टाइप १मध्ये इतक्या वर्षांनी असं सहसा दिसत नाही. तेव्हा कुठे जनुकांची तपासणी झाली आणि एचएनएफ१ए जनुकात दोष सापडला. एका जनुकाच्या दोषानं होणाऱ्या अशा मधुमेहाला मोडी (MODY) म्हणतात. हा दोष आईवडिलांपैकी एकात असला की प्रत्येक मुलात उतरायची शक्यता निम्मी.

यात साखर वाढली तरी रक्तात इन्सुलिन सोडायचा इशारा स्वादुपिंडातल्या पेशींना नीट मिळत नाही. सल्फोनिलयुरियाची गोळी ती अडलेली पायरी टाळून पेशींना रक्तात इन्सुलिन सोडायला लावते. भावाचं इन्सुलिन सुटलं, आता तो याच गटातल्या ग्लिक्लाझाइड गोळीवर आहे. डोस मात्र लहानच लागतो. सुरुवातीला आंब्याच्या पेट्या उचलताना त्याला दरदरून घाम फुटला, हात कापायला लागले, साखर ५८. गोळी अर्धी करावी लागली.

कोणतं जनुक, त्यावर उपचार ठरतो. ग्लुकोकायनेजच्या जनुकात दोष असेल तर उपाशीपोटी साखर साधारण १०० ते १४५च्या मध्ये राहते आणि गरोदरपण सोडलं तर बहुधा औषधच लागत नाही. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला मधुमेह झाला तर जनुकं तपासायलाच हवीत. केसीएनजे११ या जनुकात दोष असलेली बरीच बाळं इन्सुलिन सोडून गोळीवर येतात. या जनुकाचा बाळांच्या मधुमेहाशी असलेला संबंध २००४ साली सापडला.

बहुतेकांचा मधुमेह असा एका जनुकाचा नसतो, त्यामुळे तुमचाही तोच असेल असं मी म्हणणार नाही. आणि कृपा करून इन्सुलिन आपल्या मनानं बंद करू नका, खरोखर टाइप १ असेल तर ते जिवावर बेतेल. पुढच्या भेटीला वंशावळ न्या, सी-पेप्टाइड आणि अँटीबॉडी झाल्यात का ते विचारा. दोष सापडलाच तर वडिलांना फक्त तेवढाच तपासून घेता येतो. आमच्या आत्याचं इन्सुलिन असंच पन्नाशीत सुटलं.