सही कुणाची चालते ते आधी विचार

प्रिय मुली,

तुझं पत्र मिळालं. एमएसडब्ल्यू (समाजकार्यातलं पदव्युत्तर शिक्षण) झालं, दोन संस्थांकडून बोलावणं आलंय, दोन्हींचा प्रकल्प महिला सक्षमीकरणाचा आहे, तेव्हा कुठली धरू, असं तू विचारलंस. तू पाठवलेले दोन्ही वार्षिक अहवाल मी वाचले. काम बरं दिसतंय. फोटोही चांगले आहेत. पण तुला ज्यावरून ठरवायचंय ते अहवालात छापत नाहीत, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

दोन्हीकडे एक प्रश्न विचार: बँकेच्या खात्यावर सह्या कुणाच्या चालतात? आणि विश्वस्त मंडळात कोण कोण आहे? हे विचारायला संकोच करू नकोस. महाराष्ट्रातली बहुतेक संस्था १८६० च्या कायद्याखाली सोसायटी आणि १९५० च्या कायद्याखाली सार्वजनिक न्यास म्हणून नोंदलेली असते. धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात तिचं शेड्यूल वन असतं, त्यावर विश्वस्तांची नावं असतात. विश्वस्त बदलले की ९० दिवसांत चेंज रिपोर्ट द्यावा लागतो. म्हणजे संस्थेचं खरं घर कुणाच्या नावावर आहे हे कागदावर असतंच. गावोगाव फिरणाऱ्या बायका, गट बांधणाऱ्या बायका, आणि शेड्यूल वनवर मात्र एखाददुसरंच बाईचं नाव, हे चित्र मी इतक्या ठिकाणी पाहिलंय की आता पहिल्यांदा तोच कागद मागते.

तिथं संस्थापकांच्या पत्नीचं नाव दिसलं तर लगेच नाक मुरडू नकोस. जामखेडला १९७० मध्ये गावागावांतल्या आरोग्याचं काम उभं राहिलं ते रजनीकांत आणि मेबल आरोळे या दोघांचं. गडचिरोलीत 'सर्च' ही आरोग्यसंस्था अभय आणि राणी बंग या दोघांची. राणीताईंनी दोन गावांतल्या ६५० बायकांची तपासणी केली आणि १९८९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात निष्कर्ष छापून आले: त्यांतल्या ९२ टक्के बायकांना स्त्रीरोगाचा कुठला ना कुठला त्रास होता, आणि याआधी तपासणी झालेल्या फक्त ८ टक्के होत्या. तोवर खेड्यातल्या बाईचं आरोग्य म्हणजे बाळंतपण आणि कुटुंबनियोजन, एवढंच सरकारी यंत्रणेच्या डोक्यात होतं. अंगावरून जाणं, पाळीचा त्रास, ओटीपोटातलं दुखणं कुणी विचारत नव्हतं आणि बायका आपणहून सांगत नव्हत्या. काय विचारायचं हे ठरवायच्या जागी बाई बसली की कामच बदलतं, ते असं. म्हणून नात्यापेक्षा हे बघ की ती बाई बैठकीत बोलते का, तिच्या बोलण्याने एखादा ठराव बदलतो का.

याच्या उलटंही असतं. मी काम केलेल्या एका संस्थेत खजिनदार बाई होत्या. फंडरला, म्हणजे निधी देणाऱ्याला, दाखवायला ते उत्तम होतं. प्रत्यक्षात महिन्याच्या सुरुवातीला ऑफिसचा शिपाई चेकबुक घेऊन त्यांच्या घरी जायचा. त्या पोळपाट बाजूला सारून, हात पुसून, ओट्यावरच दहा-बारा कोऱ्या चेकवर सह्या करायच्या. किती रकमेचे, कुणाच्या नावे, हे त्यांना ऑडिटच्या वेळीसुद्धा कळत नसे. एकदा मी विचारलं तर म्हणाल्या, "साहेब बघतात ना सगळं." त्या बाई बी.कॉम. होत्या. लग्नाआधी त्यांनी सहकारी सोसायटीत हिशेब लिहिले होते. त्यांना येत होतं सगळं, त्यांच्यापुढे कुणी व्हाउचर ठेवतच नव्हतं. तू जाशील तिथं व्हाउचर कुणापुढे जातात ते बघ.

काम बाईने करायचं आणि नाव दुसऱ्याचं व्हायचं, हे आपल्याकडे जुनं आहे. हिंगण्याच्या विधवांसाठीच्या आश्रमाचं नाव घेतलं की महर्षी कर्वे आठवतात, आणि ते योग्यच आहे. पण त्या आश्रमासाठी गावोगाव फिरून वर्गणी कुणी गोळा केली? पार्वतीबाई आठवले यांनी. देवरुखकडच्या, तरुणपणी विधवा झालेल्या, केशवपन केलेल्या बाई. अनोळखी शहरात उतरायचं, दारोदार जायचं, भाषण करायचं, पावती फाडायची. पुढे १९१८ मध्ये त्या एकट्या अमेरिकेला गेल्या, तिथं लोकांच्या घरी काम करून राहिल्या, इंग्रजी शिकल्या आणि १९२० मध्ये परत आल्या. आज ज्याला फंडरेझिंग म्हणतात आणि ज्यासाठी शहरातून मोठ्या पगारावर माणसं आणतात, ते काम या बाईने केलं. निधी आणायची ताकद बायकांत नसते असं तुला कुणी सुचवलं तर पार्वतीबाईंचं नाव घे.

आणि शिकलेल्याच बायका पैसा सांभाळतात असंही समजू नकोस. अहमदाबादेत 'सेवा' या कष्टकरी बायकांच्या संघटनेतल्या बायकांनी १९७४ मध्ये स्वतःची बँक काढली. ४,००० जणींनी दहा-दहा रुपयांचे शेअर घेतले. फेरीवाल्या, चिंध्या शिवणाऱ्या, हातगाडी ओढणाऱ्या. आपल्या म्हसवडला चेतना सिन्हांनी माणदेशी महिला सहकारी बँकेची जुळवाजुळव केली तेव्हा रिझर्व्ह बँकेने पहिला अर्ज परत पाठवला, कारण प्रवर्तक बायका अंगठेबहाद्दर होत्या. बायका घरी गेल्या, अक्षर शिकल्या, पुन्हा गेल्या आणि म्हणाल्या, मुद्दल सांगा, व्याज आम्ही तोंडी सांगतो, तुमच्या अधिकाऱ्यांनाही कॅल्क्युलेटर न घेता करायला सांगा. १९९७ मध्ये परवाना मिळाला. मला या गोष्टीत आवडतं ते हे की त्यांनी सवलत मागितली नाही. परीक्षा मागितली.

आता पगाराचं. यावर तू पत्रात एक ओळही लिहिली नाहीस आणि तेच मला खटकलं. सामाजिक काम आहे, पैशाचं काय विचारायचं, असं तुला वाटत असणार. विचारायचं. घरातल्या कामाला दाम नसतो ही बाईच्या अंगवळणी पडलेली गोष्ट संस्था सेवाभावाच्या नावाने वापरून घेतात. मुलाला त्याच कामाचे जास्त देतात, का तर त्याला घर चालवायचंय. तुलाही चालवायचं असेल, आणि नसलं तरी काम तेवढंच आहे. नेमणूकपत्र लेखी माग. पगाराचा आकडा, प्रवासभत्ता, रजा, सगळं त्यात हवं. वीस किंवा जास्त माणसं असतील तर प्रॉव्हिडंट फंड हवा. प्रसूती रजा २०१७ पासून पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवड्यांची आहे, आणि आधीच्या बारा महिन्यांत ८० दिवस काम झालेलं असलं की हक्क लागतो. "तुझं तर अकरा महिन्यांचं कंत्राट आहे" असं सांगून मुलींना घरी बसवतात, तेव्हा हे ८० दिवस लक्षात ठेव.

संस्थांचीही अडचण असते, ती समजून घे. परदेशी निधी घेणाऱ्यांना २०२० च्या दुरुस्तीनंतर प्रशासकीय खर्च २० टक्क्यांच्या आत ठेवावा लागतो, आधी ही मर्यादा ५० टक्के होती. हिशेबनीस, ऑफिसची माणसं यांचे पगार त्यातच बसवायचे असतात. फंडर प्रशिक्षणाला पैसे देतो, प्रशिक्षण देणारीच्या पगाराला देताना हात आखडतो. हे सगळं खरं. पण कात्री लागली की ती आधी गावपातळीवरच्या ताईंच्या मानधनाला लागते, संचालकांच्या गाडीला नंतर. तू बजेटच्या बैठकीत असलीस तर हे बोल. अंगणवाडी सेविकांना मानधनावरच्या म्हणून ग्रॅच्युइटी नाकारली जात होती. २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती त्यांना लागू आहे असा निकाल दिला. तो निकाल आपोआप आला नाही, बायका कोर्टात गेल्या तेव्हा आला.

सुरक्षिततेबद्दल मात्र मी तुला ताकीदच देते. कामाच्या ठिकाणी लैंगिक छळ होऊ नये म्हणून २०१३ चा कायदा आहे हे तू अभ्यासलं असशील. तो कुणामुळे आला हे विसरू नकोस. भंवरी देवी राजस्थानात भटेरी गावी सरकारच्या महिला विकास कार्यक्रमात साथिन होत्या, म्हणजे तू जे करणार आहेस तेच करणाऱ्या, तुटपुंज्या मानधनावर. १९९२ मध्ये बालविवाह थांबवायला गेल्या म्हणून त्यांच्यावर सामूहिक बलात्कार झाला. त्यांच्यासाठी लढायला बायकांच्या संघटना सर्वोच्च न्यायालयात गेल्या आणि १९९७ मध्ये कामाच्या ठिकाणचा छळ रोखण्यासाठी न्यायालयाची विशाखा मार्गदर्शक तत्त्वं आली. भंवरी देवींच्या स्वतःच्या खटल्यात खालच्या कोर्टाने आरोपींना बलात्काराच्या आरोपातून सोडलं. देशभरातल्या ऑफिसांत बसणाऱ्या बायकांना जे संरक्षण मिळालं ते गावात पायी फिरणाऱ्या एका कार्यकर्तीच्या अंगावर बेतलं तेव्हा मिळालं. म्हणून आपल्या क्षेत्रात तरी हा कायदा काटेकोर पाळला जायला हवा, आणि तो नेमका आपल्याकडेच ढिला असतो.

तेव्हा विचार: अशा छळाच्या तक्रारी ऐकणारी अंतर्गत समिती आहे का? दहा किंवा जास्त माणसं असली की ती लागतेच. अध्यक्ष वरिष्ठ पदावरची बाई हवी, निम्म्या तरी बायका हव्यात, एक सदस्य बाहेरचा हवा. बाहेरचा म्हणून संचालकांचा मित्र बसवलेला नाही ना ते बघ. दहापेक्षा कमी माणसं असतील तर जिल्ह्याची स्थानिक समिती असते. तक्रार तीन महिन्यांत करायची असते. बिनपगारी स्वयंसेविकाही या कायद्यात येते, आणि कामासाठी तू जिथं जाशील ते गाव, संस्थेची जीप, प्रशिक्षणाचं मुक्कामाचं ठिकाण, हे सगळं कामाचं ठिकाणच धरलं जातं. शेवटची एसटी चुकली, काळी-पिवळी भरल्याशिवाय सुटत नाही, अंधार पडला, अशा वेळी गाडी कोण पाठवणार, खर्च कोण देणार, हे आधी ठरलेलं असावं. 'तू बघ तुझं' असं उत्तर मिळालं तर ती नोकरी घेऊ नकोस. फिल्डवर दिवसभर पाणी न पिता राहणाऱ्या कितीतरी जणी मला माहीत आहेत, कारण वाटेत संडास नसतो. सोयीच्या चार घरांची यादी पहिल्याच आठवड्यात करून ठेव.

एक गोष्ट तुझ्या पत्रात वारंवार आली: 'ग्रामीण महिला'. गावात गेलीस की ही एक बाई तुला सापडणार नाही. पाटलाच्या वाड्यातली असेल, वस्तीवरची असेल, पारध्याच्या पालावरची, ऊसतोडीला सहा महिने बाहेर असणारी, नवऱ्याने टाकलेली. संस्थेत या कुठल्या पायरीवर आहेत ते मोज. समन्वयक अमुक आडनावांच्या आणि मदतनीस तमुक आडनावांच्या, असं दिसलं तर ते सक्षमीकरण अर्धंच झालंय. जामखेडच्या आरोग्य कार्यकर्त्यांत दलित बायका होत्या, निरक्षर बायका होत्या. प्रशिक्षणाला त्या एकत्र राहायच्या, एकत्र जेवायच्या. त्या काळी ते अवघड होतं, आणि जेवणाच्या पंगतीचं आजही अनेक गावांत अवघड आहे. तुझ्या बैठकीत चहा कुणाच्या घरून येतो आणि कुणाच्या घरून येत नाही, हे लक्षात घे.

गावात तू स्वतः काय करशील? तुझ्या हातात असेल ती बचत गटाची बैठक. इतिवृत्ताची वही उघडलीस की अक्षर कुणाचं आहे ते बघ. पुष्कळदा सचिवबाईंच्या दहावीतल्या मुलाचं असतं. बँकेची विथड्रॉवल स्लिप नवऱ्याने आणलेली असते आणि अध्यक्षबाईंनी कोऱ्यावर सही दिलेली असते. तेव्हा वही तू स्वतः लिहायला घेऊ नकोस. तुझं अक्षर चांगलं, तुझा वेळ वाचतो, पण पुढची बैठक पुन्हा तुझ्यावरच अडेल. सचिवबाईंना लिहू दे. एका ओळीला पाच मिनिटं लागतील, बाकीच्या कंटाळतील, कुणाचं पोर रडेल, कुणी म्हणेल दूध काढायची वेळ झाली. थांब. रक्कम त्यांच्याकडूनच आकड्यात आणि अक्षरात लिहून घे, मोठ्याने वाचून घे, मग सही. बँकेतही त्यांच्यासोबत जा आणि काउंटरपाशी दोन पावलं मागे उभी राहा. कॅशियर तुझ्याशी बोलू लागला तर त्यांच्याकडे बोट दाखव.

फंडरची व्हिजिट असेल तेव्हाही हेच धर. आपल्याकडे पाहुणे आले की बायकांनी एकसारख्या साड्या नेसायच्या, औक्षण करायचं, स्वागतगीत म्हणायचं, आणि प्रोजेक्टरपुढे संचालकांनी बोलायचं अशी पद्धत पडलीय. औक्षणाला माझी ना नाही. पण आकडे गटाच्या बायकांनीच सांगावेत. कर्ज किती घेतलं, किती फेडलं, कुठं थकलं, का थकलं. हिंदी-इंग्रजी येत नसेल तर तू भाषांतर कर.

दोन्ही संस्थांना कळव की रुजू व्हायच्या आधी एक दिवस त्यांच्या फिल्डवरच्या ताईंसोबत फिरायचंय. सकाळी त्या निघतात तेव्हाच नीघ, त्यांच्या डब्यातलं खा, संध्याकाळी त्या घरी पोचेपर्यंत सोबत राहा. शेवटचा पगार कधी झाला आणि वरच्या बैठकीला त्यांना बोलावतात का, हे वाटेत विचार. मग मला फोन कर, रविवारी दुपारनंतर मी मोकळी असते. नेमणूकपत्र आलं तर फोटो पाठव, रजेचा परिच्छेद मला वाचायचाय.

तुझी,
ताई