मंदीच्या काळात उजव्या विचारांची सरकारं तिजोरी जबाबदारीनं सांभाळतात का?

आपोआप तर नाहीच. 'उजवे म्हणजे काटकसरी' हे वाक्य मी नात्यागोत्यातच इतक्या वेळा ऐकलंय की तुमचा प्रश्न दिसल्यावर राहवलं नाही.

मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका गावात ग्रामरोजगार सेवक आहे. रोजगार हमीचा हजेरीपट माझ्या हातून जातो. दिल्लीत तरतूद वाढली की घटली, हे गावात सगळ्यात आधी मला कळतं.

2020 चा उन्हाळा घ्या. पुण्याहून, हैदराबादहून पोरं गावात परत आली. जिथं वीसेक मजूर यायचे तिथं मे महिन्यात शंभरावर नावं झाली. कारखान्यात मशीन चालवणारा एक पोरगा तिसऱ्या दिवशी तळहाताला दुपट्टा गुंडाळून कुदळ मारत होता. फोड फुटून कुदळीचा दांडा ओला झाला होता. मजुरी रोजची 238 रुपये, पण त्यानं एक खाडा केला नाही, कारण घरात दुसरीकडून रुपया येत नव्हता. त्या वर्षी केंद्रानं रोजगार हमीच्या 61,500 कोटींत आणखी 40,000 कोटी घालायचं जाहीर केलं आणि वर्षाचा खर्च 1,11,000 कोटींच्या आसपास गेला. केंद्राची तूट, म्हणजे कमाईहून जास्तीचा खर्च, देशाच्या उत्पन्नाच्या 3.5 टक्के धरली होती, ती 9.2 टक्क्यांवर पोचली. सरकार उजवंच होतं. मी म्हणतो, बरोबर केलं. अशा वेळी तूट वाढू दिली नसती तर ती पोरं उपाशी मेली असती.

मग माझी तक्रार काय? कोणाला सोडलं आणि कोणाकडून वसूल केलं, ही. सप्टेंबर 2019 मध्ये, अर्थव्यवस्था आधीच मंदावत असताना, कंपन्यांचा कर 30 वरून 22 टक्क्यांवर आणला. त्यानं वर्षाला 1,45,000 कोटी सुटतील असं सरकारनंच सांगितलं होतं. अख्ख्या देशाच्या रोजगार हमीवर सगळ्यात जास्त खर्च झाला त्या वर्षाच्या आकड्याहून ही रक्कम मोठी आहे. आणि वसुली कुठून? मार्च ते मे 2020 मध्ये डिझेलवरचं केंद्राचं शुल्क लिटरमागे 15.83 वरून 31.83 रुपये केलं. जगात कच्चं तेल मातीमोल झालं होतं, पण तो फायदा आमच्या धुऱ्यापर्यंत आलाच नाही. ऐन उन्हाळवाहीत ट्रॅक्टरवाल्यानं नांगरटीचे एकरी दोनशे वाढवले.

आता माझ्या जिव्हारी लागलेली गोष्ट. पुढच्या वर्षी, 2021-22 साठी, तरतूद 73,000 कोटींवर आणली. शहरातलं काम अजून धड सुरू झालं नव्हतं, मजूर तेवढेच होते. दिवाळीच्या तोंडावर निधी संपला आणि मजुऱ्या अडकल्या. आमच्या पलीकडच्या गल्लीतली एक मावशी, बारा दिवस झाडांच्या संगोपनावर आलेली, 248 प्रमाणे तिचे 2,976 रुपये निघायचे होते. ती पासबुक पदरात गुंडाळून रोज सकाळी माझ्या दारात. "बाबू, आंगठा तर म्या रोज लावला, मंग माहे पैसे कुठी गेले?" मी मोबाइलवर दाखवायचो की पैसे वरूनच सुटले नाहीत. तिला वाचता येत नव्हतं, आणि चावडीवर बसणाऱ्यांनी तोवर ठरवून टाकलं होतं की सेवकानंच खाल्ले. माझ्या पोरीला शाळेत कोणी तरी तेच बोललं. मावशीनं शेवटी पायातले चांदीचे कडे गहाण ठेवून दिवाळी केली. पैसे जमा झाले जानेवारीत. कायद्यानं मजुरी पंधरा दिवसांत मिळायला पाहिजे, उशीर झाला तर दिवसाला 0.05 टक्के भरपाई. तिच्या रकमेवर ती दिवसाला दीड रुपयासुद्धा होत नाही. गहाणाचं व्याज त्याच्या कितीतरी पट गेलं.

त्याच भाऊबीजेला बहिणीकडं गेलो तर भाऊजी म्हणाले, "पैसे उधळणं बंद झालं ते बरंच झालं. घर चालवतो तसाच देश चालवा लागते. कमाई घटली की हात आखडाचा." बहिणीच्या घरी बसलो होतो, ताट समोर होतं. काही बोललो नाही.

बाहेरच्या देशांचं थोडक्यात सांगतो. अमेरिकेत उजव्या पक्षाचे अध्यक्ष रेगन यांनी 1981 मध्ये कर कापले, संरक्षणावर खर्च वाढवला, आणि आठ वर्षांत सरकारचं कर्ज जवळजवळ तिप्पट झालं. क्लिंटन यांनी शिल्लक ठेवून दिलेली तिजोरी रेगन यांच्याच पक्षाच्या धाकट्या बुश यांच्या काळात तुटीत गेली. ब्रिटनमध्ये 2010 पासून उजव्या पक्षाचे पंतप्रधान कॅमेरॉन आणि अर्थमंत्री ऑस्बॉर्न यांनी खरोखर हात आखडला, विक्री कर 17.5 वरून 20 टक्के केला, नगरपालिकांचे पैसे कापले, तरी देशाच्या उत्पन्नाच्या मानानं कर्ज पुढची कित्येक वर्षं वाढतच गेलं.

उलटी उदाहरणंही आहेत, ती लपवत नाही. जर्मनीत मर्केल यांच्या सरकारनं 2009 मध्ये कंपन्यांना कामगार काढण्याऐवजी तास कमी करायला मदत केली, पगाराचा काही भाग स्वतः भरला, आणि त्याच वर्षी कर्जाची मर्यादा घटनेत घातली. (त्या सरकारात डावेही होते.) आपल्याकडंही सरकारसाठी धान्य खरेदी करणाऱ्या अन्न महामंडळाच्या नावावर काढून ठेवलेलं कर्ज 2021 मध्ये केंद्रातल्या याच उजव्या सरकारनं उघडपणे स्वतःच्या हिशेबात घेतलं. ते प्रामाणिक काम होतं. आणि उजवं नसलेल्या, काँग्रेसच्या आधीच्या सरकारनं 2008 ची कर्जमाफी दोन हेक्टरवर अडवली तेव्हा आमचा सहा-सात एकरांचा कोरडवाहू शेतकरी पूर्ण माफीच्या बाहेर राहिला. त्याला सांगितलं, आधी बाकीचं भर, मग 25 टक्के किंवा 20,000 रुपये, जे जास्त असेल ते सोडू. खर्च मोठा झाला, पण विदर्भाच्या वाट्याला कमी आला.

त्यामुळं सरकार तपासायचं असेल तर तुटीचा एकटा आकडा पाहू नका. चांगल्या सालात कोणाला कर सोडला ते पाहा, आणि वर्षअखेर मजुरी किती थकली तेही मागून घ्या. या वर्षीचे पैसे पुढच्या वर्षी दिले तर त्याला बचत म्हणत नाहीत, ती उधारी असते.

आणि भाऊजी, हे तुम्ही वाचाल म्हणून लिहितो. 2017 ला बोंडअळीनं तुमची सगळी पऱ्हाटी खाल्ली, तेव्हा तुम्ही हात आखडला नव्हता. पतसंस्थेतून कर्ज काढलं, पोराची वसतिगृहाची फी भरली, बियाणं आणलं, बैलजोडी विकली नाही. दोन सालांत कर्ज फेडलंसुद्धा. त्या कागदावर जामीनदार म्हणून माझी सही आहे.