गाडी आणि गिऱ्हाईक : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : माझा कागद आणि स्टेशनरी दुकानांना पोहोचवण्याचा व्यवसाय आहे. छोटी डिझेल व्हॅन चार वर्षांपूर्वी नवी घेतली. दिवसभर शहरातल्या शहरात, दर पाच-दहा मिनिटांना थांबा. वर्षभरात डीपीएफचा, म्हणजे धुरातली काजळी अडवणाऱ्या फिल्टरचा, दिवा तीनदा लागला आणि पिकअप गेला. मेकॅनिकने एकदा सेन्सर बदलला, नंतर मशीन लावून फिल्टर साफ करून दिला. महिन्याभरात पुन्हा तेच. शिवाय मागचे टायर दोन्ही कडांना झिजतात आणि क्लच घसरायला लागलाय. एक जण म्हणतो डीपीएफ काढून टाका, दुसरा म्हणतो गाडीच काढून टाका. काय करू?

उत्तर : दोघांचंही ऐकू नका. टायर आणि क्लच यांचं दुखणं एकच आहे, त्याकडे येतो. आधी फिल्टर.

सायलेन्सरच्या वाटेवरचा हा फिल्टर काजळी धरून ठेवतो. ती जाळायला साधारण ६०० अंश सेल्सिअस तापमान लागतं. ते गाठण्यासाठी इंजिन जादा डिझेल सोडतं, आणि त्या वेळी गाडी दहा-वीस मिनिटं सलग पळत राहावी लागते. तुम्ही पाचव्या मिनिटाला पुढच्या दुकानासमोर किल्ली फिरवता. काजळी अर्धवट राहते आणि न जळलेलं थोडं डिझेल सिलिंडरच्या भिंतीवरून ओघळून ऑइलमध्ये उतरतं. उद्या सकाळी सपाट जागेवर, इंजिन थंड असताना डिपस्टिक ओढून बघा. ऑइल वरच्या खुणेच्याही वर गेलं असेल आणि डिझेलचा वास मारत असेल, तर आधी ऑइल आणि ऑइल फिल्टर बदला. बाकी सगळं मागाहून. ऑइल कमी होत नाही, उलट वाढतंय म्हणून खूश असलेले मालक मी पाहिलेत. असल्या पातळ ऑइलवर टर्बोचं बेअरिंग फार दिवस टिकत नाही.

मग मेकॅनिकला सांगा, स्कॅनर (गाडीच्या कंप्युटरमधले आकडे दाखवणारं यंत्र) लावून अर्धा तास गाडी चालव आणि कूलंटचं तापमान बघ. बहुतेक इंजिनांत ते ८० ते ९० अंशांच्या घरात स्थिरावतं. ६५-७० वरच रेंगाळत असेल, तर थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापेपर्यंत कूलंट अडवून धरणारी झडप, उघडा अडकलाय. इंजिन पुरेसं तापलं नाही तर बऱ्याच गाड्यांचा कंप्युटर काजळी जाळायला सुरुवातच करत नाही, मग फिल्टर शंभरदा साफ करा. थर्मोस्टॅट हा या प्रकरणातला सगळ्यात स्वस्त भाग, म्हणूनच बहुधा त्याची कोणी चौकशी करत नाही. सेन्सर मात्र हौसेने बदलले जातात, कारण स्कॅनरच्या पडद्यावर त्यांचं नाव येतं. अहो, तो सेन्सर फिल्टरच्या अलीकडच्या आणि पलीकडच्या दाबातला फरक मोजतो. फिल्टर चोंदलाय म्हणून तो ओरडत असेल, तर त्याचा काय दोष? त्याच्याकडे जाणाऱ्या दोन रबरी नळ्या मात्र नीट पाहून घ्या. त्या तडकतात, आणि मग आकडे चुकतात.

अजून एक. काजळी जळते, राख जळत नाही. ही राख मुख्यतः इंजिन ऑइलमधल्या रसायनांची असते, म्हणून अशा गाड्यांना कमी राखेचं ऑइल लागतं. मॅन्युअलमध्ये दिलेला ग्रेड डब्यावर छापलेला आहे का, ते स्वतः वाचा. ‘डिझेलचं चांगलं ऑइल’ एवढ्यावर विश्वास ठेवू नका. राखेने भरलेला फिल्टर मशीन लावून मोकळा होत नाही. तो उतरवून धुवून घ्यावा लागतो, नाहीतर बदलावा लागतो. फिल्टर काढून आत पोकळ नळी ठेवण्याचा सल्ला मी देणार नाही. उत्सर्जनाचे नियम जिथे कडक आहेत तिथे तो गुन्हा आहे, तपासणीत गाडी अडकते आणि विकतानाही अडते. त्यापेक्षा आठवड्यातून एकदा मोकळ्या रस्त्यावर एक गिअर खाली ठेवून, दोन-अडीच हजार आरपीएमवर अर्धा तास गाडी पळवा. ऑइल मात्र आधी बदललेलं असू द्या.

आता वजन. कागद फसवतो. ए-फोर आकाराच्या, ८० जीएसएमच्या (चौरस मीटरला ८० ग्रॅम) ५०० पानांच्या एका रीमचं वजन अडीच किलो. पाच रीमचा खोका साडेबारा किलो. असे ४५ खोके रचले तरी व्हॅन निम्मी रिकामी दिसते, आणि माल झालेला असतो साडेपाचशे किलोंच्या वर. समजा, गाडीची एकूण वजनमर्यादा २,००० किलो आणि रिकाम्या गाडीचं वजन १,४०० किलो आहे. राहिले ६००. त्यातून ड्रायव्हर ७५, मदतनीस ७०, आतल्या प्लायवूडचे आणि रॅकचे ६०, ढकलगाडीचे १५ वजा करा. उरतात ३८०, म्हणजे ३० खोके. दाराच्या पट्टीवर लावलेल्या पाटीवरून तुमच्या गाडीचे आकडे घ्या आणि भरलेली गाडी एकदा काट्यावर नेऊन मागच्या ॲक्सलवरचं वजन वेगळं मोजून घ्या. टायरवरचा भारांकही वाचा. ९१ म्हणजे एका टायरला कमाल ६१५ किलो, तेही ठरलेली हवा असेल तर. दोन्ही कडा झिजणं याचा अर्थ हवा कमी किंवा बोजा जास्त. तोच बोजा दर थांब्यानंतर जागेवरून उचलताना क्लच भाजून निघतो. क्लचप्लेट बदलताना ड्युअल मास फ्लायव्हील (इंजिन आणि क्लच यांच्यामधलं, दोन भागांचं जड चाक) असेल तर त्याचा खेळ, म्हणजे सैलपणा, मोजून घ्या, नाहीतर गिअरबॉक्स दुसऱ्यांदा उतरवण्याची मजुरी भराल. आणि जड खोके मागच्या दाराशी नको, पुढच्या पार्टिशनला टेकवून रचा.

विकायची की नाही? बहुतेक जण दुरुस्तीचं बिल गाडीच्या बाजारभावाशी ताडून बघतात. मला ती तुलनाच पटत नाही. पुढच्या वर्षी या गाडीवर होणारी दुरुस्ती एका बाजूला मांडा. दुसऱ्या बाजूला नव्या गाडीचा पहिल्या वर्षाचा घसारा, कर्जाचं व्याज आणि वाढीव विमा. घसारा सगळ्यात जोरात पहिल्या वर्षांतच पडतो, आणि तुम्ही तो भरून बसला आहात. मात्र गाडी उभी राहिल्याने बुडालेलं काम आणि भाड्याने आणलेल्या टेम्पोचे पैसे पहिल्या बाजूला जोडायला विसरू नका. बिलात ते कधीच दिसत नाहीत. थर्मोस्टॅट, ऑइल, क्लच आणि खोक्यांच्या मर्यादेची शिस्त एवढं करून सहा महिने प्रत्येक किलोमीटरचा खर्च लिहा. शहरातल्या थांब्यांशिवाय तुमचं कामच नसेल, तर पुढची गाडी डिझेल घेऊ नका.

प्रश्न : जुनी व्हॅन बघायला जातेय. इंजिन मेकॅनिक बघेल. मी काय बघू, सर?

उत्तर : ताई, सरकतं दार दहा वेळा उघडा-मिटा. खालचा रोलर झिजला की दार बंद होताना खाली बसतं आणि उचलून लावावं लागतं. मागच्या दाराच्या बिजागरीपाशी वायरिंगचं रबरी नळकांडं असतं, ते वाकवून आत बघा. रोजच्या उघडझापीने तिथल्या वायरी तुटतात आणि मग दिवे, लॉक, नंबरप्लेटचा दिवा एकेक करून दगा देतात. मालाच्या जागेचा प्लाय उचलून खालचा पत्रा पाहा. गाडी रात्रभर बंद ठेवायची, सकाळी तुम्ही पोहोचायच्या आत ती सुरू करायची नाही असं मालकाला आदल्या दिवशी सांगा. बॅटरीवर मीटर धरा : १२.६ व्होल्ट असेल तर भरलेली, १२.२ म्हणजे निम्मी उतरलेली. बॉनेट गरम लागलं तर पुन्हा दुसऱ्या सकाळी या.