बेंचवर उभं राहण्याआधी

चिरंजीव,
अनेक आशीर्वाद.

गुडघ्याचं दुखणं आणि संपत आलेला करार, दोन्ही कळलं. ‘सगळं आयुष्य आइस हॉकीत, बर्फावर गेलं, आता कोचिंगच करतो,’ असं लिहितोस. कर की! फक्त खेळता येतं म्हणजे शिकवताही येईलच, हे मनातून काढून टाक.

वेन ग्रेट्झकीचे एनएचएलमध्ये, म्हणजे उत्तर अमेरिकेतल्या सर्वोच्च आइस हॉकी लीगमध्ये, 2857 गुण (गोल आणि गोलला मदत मिळून). आजही कोणी जवळपास नाही. तोच 2005 ते 2009 फिनिक्स कोयोटीजचा मुख्य प्रशिक्षक होता, आणि चारही हंगामांत संघ प्लेऑफला पोचला नाही. (संघही कच्चाच होता, सगळं त्याच्या माथी मारू नये.) उलट स्कॉटी बोमन. ज्युनियरमध्ये डोक्याला मार बसला, खेळणं ज्युनियरच्या पुढे गेलंच नाही. प्रशिक्षक म्हणून मात्र नऊ स्टॅनले कप, म्हणजे एनएचएलची नऊ विजेतेपदं.

सामन्याच्या तीन भागांतल्या दुसऱ्या, म्हणजे दुसऱ्या पिरियडचं घे. बाजू बदलल्या की आपला गोल आपल्या बेंचपासून लांब पडतो. दमलेल्या डिफेन्समनने (बचाव करणाऱ्याने) पक, म्हणजे खेळाची रबरी चकती, समोरच्यांच्या भागात खोलवर गेल्याशिवाय बदलीला बेंचकडे पळू नये, हे तुझ्या पायांनाच ठाऊक आहे. पण एखादा पोरगा मधेच बेंचकडे वळला, समोरचे मोकळे सुटले नि गोल बसला, तर त्याला काय सांगशील? ‘डोकं वापर’? त्यातून त्याला काय कळणार! पक कुठे होता, जोडीदार कुठे होता, पंचेचाळीस सेकंदांची शिफ्ट (बर्फावरची एक पाळी) सव्वा मिनिटावर का गेली, हे व्हिडिओ थांबवून दाखवावं लागतं. तेही त्या रात्री नाही. दुसऱ्या दिवशी, बाजूला घेऊन.

मार्टिन सेंट लुईसला ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघ नवे खेळाडू निवडतात तेव्हा, कोणी घेतलं नव्हतं, उंचीही बेताची. 2004 मध्ये हार्ट ट्रॉफी (सर्वांत मोलाच्या खेळाडूचा पुरस्कार) नि स्टॅनले कप दोन्ही मिळवले. निवृत्तीनंतर मुलांच्या संघांना शिकवत राहिला, आणि 2022 मध्ये एनएचएलच्या माँट्रियल संघाने त्याला थेट मुख्य प्रशिक्षक केलं. मला वाटतं, आयतं न मिळालेलं त्याने विचार करकरून मिळवलं, म्हणून त्याला ते सांगता येतं. पण तुला रस्ता रॉड ब्रिंडअमोरचाच बरा: 2010 मध्ये निवृत्ती, मग आपल्याच कॅरोलायना संघात सहायक प्रशिक्षक, 2018 मध्ये मुख्य, 2021 मध्ये सर्वोत्तम प्रशिक्षकाचा जॅक ॲडम्स पुरस्कार.

हॉकी कॅनडाचा प्रशिक्षण अभ्यासक्रम आत्ताच सुरू कर, करार संपायची वाट बघू नकोस. गावातल्या रिंकवर दहा-बारा वर्षांच्या मुलांचा सराव घे. पहिल्या सामन्यानंतर मला लिही. स्कोअर नको, बेंचवरून काय दिसलं तेवढंच.

तुझा,
काका