परवानगी नाकारली

“कार्यालयात आता लिनक्स आले आहे आणि त्याची सगळी व्यवस्था माझ्या गळ्यात पडली आहे. माझ्या हातून काही बिघडले तर? या वयात हे शिकता येईल का?” हा प्रश्न अलीकडे समुपदेशक म्हणून माझ्याकडे अनेकदा येतो. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा आधार थांबवला, जुन्या यंत्रांवर विंडोज ११ बसेना, आणि काही लहान पेढ्यांनी नवी खरेदी टाळून लिनक्स या विनामूल्य संगणक प्रणालीकडे वळणे पसंत केले. त्या निर्णयाचा भार मात्र बहुधा अशा माणसावर पडतो ज्याला त्याबद्दल कोणी विचारलेलेच नसते. अशाच एका गृहस्थांची हकीकत त्यांच्या संमतीने, ओळख पटेल असे तपशील बदलून, येथे सांगते. पेढीवर सगळे त्यांना अण्णा म्हणतात. मीही तेच नाव ठेवते.

अण्णा सांगलीच्या मार्केट यार्डातील हळदीच्या एका अडत पेढीवर दिवाणजी आहेत. वय ५२, आणि हिशेबात तीस वर्षे गेलेली. शेतकऱ्यांच्या हिशेबपट्ट्या, सौद्यांच्या नोंदी आणि पावत्यांच्या स्कॅन प्रती ज्या यंत्रावर राहत, त्यावर बाहेरच्या एका माणसाने डेबियन ही लिनक्स प्रणाली बसवून दिली, एका कागदावर पासवर्ड लिहून दिला आणि तो निघून गेला. मालकांनी तो कागद अण्णांच्या हातात ठेवला. दोन महिन्यांनी त्यांच्या पत्नी त्यांना माझ्याकडे घेऊन आल्या, तेव्हा त्यांची झोप उडालेली होती आणि रक्तदाब वाढलेला होता. रक्तदाबासाठी मी त्यांना आधी त्यांच्या डॉक्टरांकडे पाठवले आणि उरलेल्या गोष्टींसाठी दर आठवड्याला भेटायचे ठरवले.

मला संगणकातले फारसे कळत नाही, आणि या प्रकरणात ते सोयीचेच ठरले, कारण अण्णांना प्रत्येक गोष्ट मला समजावून सांगावी लागे. पहिल्याच भेटीत ते म्हणाले, “मॅडम, ते यंत्र माझ्याशी बोलतच नाही.” विंडोजमध्ये एखादे काम झाले की बहुधा काहीतरी दिसते, खिडकी उघडते किंवा पट्टी सरकते. लिनक्सच्या काळ्या पडद्यावर आज्ञा बरोबर असेल तर बऱ्याचदा काहीच उमटत नाही आणि केवळ पुढची ओळ येते. १९६९ मध्ये बेल लॅब्जमध्ये सुरू झालेल्या युनिक्सपासून चालत आलेली ही रीत आहे. पासवर्ड टाकताना तर ठिपकेही दिसत नाहीत, कारण बाजूला उभ्या असलेल्याला त्याची लांबीसुद्धा कळू नये असा त्यामागचा हेतू आहे. अण्णांनी मात्र कळफलक बिघडला असे समजून तो एकदा बदलूनही पाहिला होता. चूक झाली की तेवढेच ते यंत्र बोलणार, असे असल्यामुळे पहिले तीन आठवडे त्यांच्या कानी फक्त चुकाच आल्या. जेथे वडील शाबासकी कधी देत नसत आणि चुकीवर मात्र हमखास बोलत, अशा घरात वाढलेल्या माणसाला त्या गप्प पडद्यात काय दिसत असेल, हे मला त्यांनी न विचारताच सांगितले.

इंजिनिअरिंगला असलेला त्यांचा भाचा मदतीला होता. “मामा, एकदम सोपं आहे हो,” असे म्हणून तो भराभर काहीतरी टाइप करी आणि निघून जाई. “सोपं” हा शब्द शिकणाऱ्याला किती लागतो, हे शिकवणाऱ्यांच्या सहसा लक्षात येत नाही. जे सोपे आहे तेही आपल्याला येत नाही, एवढाच अर्थ ऐकणाऱ्याच्या मनात उरतो.

तिसऱ्या भेटीत अण्णांनी खरी गोष्ट सांगितली. पेढीवरच्या तिघांना एकच फोल्डर उघडता यावा असे मालकांनी सांगितले होते आणि यंत्र सारखे “परमिशन डिनाइड” म्हणत होते. अण्णांना तो नकार वैयक्तिक वाटला. कोणीतरी सांगितलेला, सर्वांना सर्व परवानग्या देणारा ७७७ हा आकडा त्यांनी आधी त्या फोल्डरला लावला, काम झाले, आणि हायसे वाटल्यामुळे पुढे जेथे जेथे नकार मिळेल तेथे तेथे तोच आकडा लावण्याची सवय लागली. एका रात्री त्यांनी प्रणालीच्या सेटिंग्जच्या फाईल ज्यात असतात तो ‘ईटीसी’ फोल्डरच आतल्या सर्व फाईलींसकट ७७७ करून टाकला. त्याबरोबर सर्वाधिकार देणारी ‘सुडो’ ही आज्ञा चालेनाशी झाली. कारण अधिकार कोणाला द्यायचे हे सांगणारी फाईल कोणालाही बदलता येत असेल, तर सुडो तिच्यावर विश्वास ठेवत नाही. सगळी दारे उघडण्याच्या नादात अण्णा स्वतःच बाहेर अडकले. भाच्याने रविवारी बसून प्रणाली पुन्हा बसवली. हिशेब वेगळ्या डिस्कवर असल्यामुळे वाचले, परंतु अण्णा त्यानंतर दोन दिवस पेढीवर गेले नाहीत.

समुपदेशनात आम्हाला ही ७७७ ची सवय फार ओळखीची आहे. भीती वाटली की तिच्यापासून ताबडतोब सुटका देणारी एखादी कृती माणूस करतो, त्या सुटकेची चटक लागते, आणि भीती नेमकी कशाची होती हे समजून घेण्याची संधी दर वेळी हुकते. म्हणून मी त्यांना धीर देण्याऐवजी तो आकडा मला समजावून सांगायला सांगितले. वाचण्याचे ४, लिहिण्याचे २, चालवण्याचे १. पहिला अंक फाईल ज्याच्या नावावर आहे त्याचा, दुसरा गटाचा, तिसरा इतर सर्वांचा. ४, २ आणि १ यांच्या बेरजेतून आलेला प्रत्येक आकडा एकाच प्रकारे फोडता येतो, म्हणजे ६ हे फक्त ४ आणि २, हे सांगताना त्यांच्यातला दिवाणजी जागा झालेला मला स्पष्ट दिसला. तिघांचा एक गट करून त्या फोल्डरला ७७० दिले की पुरे, हेही त्याच बैठकीत त्यांचे त्यांनीच सांगितले.

अण्णांच्या भीतीचा एक भाग मात्र अगदी योग्य होता, आणि तो मी पुसून टाकला नाही. पेढीच्या नोंदींची दुसरी प्रत कोठेच नव्हती. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचे पाणी शहरात शिरले तेव्हा भिजलेल्या वह्या वाळत घालणारी दुकाने सांगलीने पाहिली आहेत. दुसरी प्रत वेगळ्या जागी असावी हे येथे कोणाला पटवावे लागत नाही. अण्णांनी मालकांशी बोलून रोजची प्रत एका वेगळ्या डिस्कवर घेण्याची आणि ती डिस्क मालकांच्या घरी वरच्या मजल्यावर ठेवण्याची व्यवस्था केली. माणसावर जबाबदारी टाकून साधने न देणे हा पेढीचा दोष होता, आणि ते मी अण्णांना स्पष्ट सांगितले.

उरलेल्या भीतीसाठी घरच्या लॅपटॉपवर व्हर्च्युअलबॉक्समध्ये, म्हणजे संगणकाच्या आत दुसरा संगणक चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, एक खोटे यंत्र उभे केले. त्याचा स्नॅपशॉट, म्हणजे त्या क्षणीच्या स्थितीची नोंद, घेऊन ठेवला की यंत्र कितीही मोडले तरी त्या क्षणाला परत नेता येते. दर रविवारी एक गोष्ट जाणूनबुजून मोडायची आणि वहीत दोन रकाने भरायचे, काय होईल असे वाटते आणि काय झाले, एवढाच अभ्यास मी दिला. पहिल्या रविवारी त्यांनी तोच ईटीसीचा प्रकार पुन्हा केला. पहिल्या रकान्यात लिहिले होते, “सर्व जाईल.” दुसऱ्यात, “सुडो बंद. बाकी चालू. स्नॅपशॉट परत, चहा होईपर्यंत.” तीन रविवार त्यांनी तेच मोडले. चौथ्या रविवारी, कंटाळा आला म्हणून, दुसरे काहीतरी मोडले. तो कंटाळा माझ्या दृष्टीने या प्रकरणातील सर्वांत चांगली खूण होती.

त्या वहीला पुढे तिसरा रकाना जोडला गेला: उलट कसे फिरवायचे. पेढीच्या यंत्रावर तो रकाना भरल्याशिवाय कोणतीही आज्ञा द्यायची नाही, हा नियम त्यांनी स्वतः घातला. एकदा ते अगदी खुशीत आले. प्रणाली आपल्या नोंदी ज्यात ठेवते तिला जर्नल म्हणतात, हे त्यांना कळले होते. “मॅडम, जर्नल म्हणजे आमची रोजकीर्दच की! तारीख, वेळ, कोणी, काय. हे यंत्र गप्प नसतं, लिहून ठेवतं. मी वाचत नव्हतो.” त्यानंतर “परमिशन डिनाइड” आले की ते आधी फाईल कोणाच्या नावावर आहे आणि आज्ञा देणारा कोण आहे, हे पाहू लागले.

भेटी आता महिन्यातून एकदा होतात. मागच्या वेळी ते सांगत होते की मालकांच्या चिरंजिवांनी सगळे फोल्डर सर्वांना उघडे करा, रोज उठून विचारायला नको, असा हट्ट धरला होता. अण्णांनी वही पुढे ओढली आणि विचारले, “कोणता फोल्डर, कोणाला आणि कशासाठी, एवढं लिहून द्या, तासाभरात करतो.” चिरंजिवांनी तीन नावे लिहून दिली.